लाल दोऱ्याची बरणी

माझ्या नणंदेला सगळा बाजार ताकदबाई म्हणतो. अंगानं ती इतकी किरकोळ, की पंखा जोरात लावला तर हिला काहीतरी धरून उभं राहावं लागेल असं वाटतं. तिच्या दुकानाबाहेर वजनाचा काटा आहे. त्यावर ती उभी राहिली तर काटासुद्धा जरा विचार करतो, हलू की राहू दे. अशी बाई आयुष्यभर ताकदीच्या पावडरी विकत आली, म्हणून ते नाव. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तिच्या वेण्या मी घालायची. आता तिला वेणीपुरते केस नाहीत आणि मला वेणी दिसेल एवढी नजर नाही. पण आमचं अरेतुरे तेच राहिलं.

तिचं दुकान व्यायामशाळेच्या जिन्याखाली. दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढीच जागा. वर कुणी लोखंड आपटलं की खाली काचेच्या बरण्या खणखणतात आणि छताची बारीक धूळ डोक्यावर पडते. तिचा नवरा वर व्यायाम शिकवायचा. दाराएवढा रुंद माणूस. एके सकाळी जिन्याच्या पाचव्या पायरीवर दम खायला म्हणून बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. एवढं मोठं धूड आतून कुरतडलेलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. दिवस उलटतात न उलटतात तोच सासरच्यांनी एक शिक्क्याचा कागद आणला, बोटानं जागा दाखवली, हिनं तिथं सही केली. दुकानामागची खोली गेली. त्या दिवसापासून शिक्का मारलेला कागद दिसला की हिच्या तळव्यांना घाम फुटतो.

वाचायचं म्हटलं तर आम्ही दोघी सारख्याच. मी चौथीपर्यंत गेले, ती तिसरीत असताना शाळेचं छप्पर उडालं आणि मास्तरही त्याच्याबरोबर गेले असावेत, परत आले नाहीत. तर हिनं दुकान चालवायची आपली एक रीत काढली. कंपनीचे मोठे डबे आणायचे आणि माल आपल्या बरण्यांत भरायचा. पांढरं झाकण म्हणजे हाडांच्या गोळ्या. लाल झाकण रक्तवाढीच्या. पिवळं झाकण माशाच्या तेलाच्या. काळं झाकण पावडरीचं. बरणीच्या गळ्याला दोरा, आणि दिवसाला जितक्या गोळ्या तितक्या त्या दोऱ्याला गाठी. बरणी संपली की गिऱ्हाइकानं रिकामी आणून ठेवायची, हिनं तिचा दोरा सोडून भरलेल्या बरणीला बांधायचा, की झालं. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते फार सोयीचं पडायचं. अंधारातसुद्धा गाठ हाताला लागते.

आणि ज्याचं हृदय नाजूक, त्याच्या बरणीला आणखी एक लाल दोरा. हे तिनं नवरा गेल्यानंतर सुरू केलं. लाल दोरावाल्याला ती नवीन काहीही द्यायची नाही, आधी डॉक्टरला विचारून ये म्हणायची. असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाचव्या पायरीनं शिकवलं असेल तेवढंच.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते या झाकणांवरून आणि दोऱ्यांवरूनच झालं.

बारीक होण्याच्या गोळ्या तिच्याकडे एजंटानं आणून टाकल्या होत्या. त्या पांढुरक्या, लांबट, हाडांच्या गोळ्यांसारख्याच. पोरीबाळी फार मागायच्या. मीही एकदा गमतीनं मागितल्या, तर म्हणाली, वहिनी, तू आहेस तशीच राहा, टेकायला बरी पडतेस. मग दुसऱ्या कुठल्याशा गावात त्या गोळ्या खाऊन एका मुलीचं काळीज धडधडायला लागलं आणि धडधडता धडधडता थांबलं. पेपरात फोटो आला होता. दोन रिबिनी बांधलेली पोर. त्यानंतर सरकारनं कायदा केला.

कागद दुकानाच्या शटरला चिकटवून गेले. माझ्या नातीनं आम्हाला तो वाचून दाखवला. बारीक होण्याच्या त्या गोळ्या आणि दोन पावडरी बंद म्हणजे बंद. ज्यांच्याकडे शिल्लक असतील त्यांनी महिनाअखेरपर्यंत कचेरीत जमा कराव्यात, कुणी काही विचारणार नाही. अंग कमावायच्या बाकीच्या वस्तू अठराच्या आतल्या कुणाला द्यायच्या नाहीत, कपाटात कुलपात ठेवायच्या, वयाचा दाखला बघूनच काढायच्या. सुटं काहीही विकायचं नाही, सील आणि लेबल हवंच. नियम मोडला तर दुकानाला टाळं. आणि कुणाला इजा झाली तर तुरुंग.

त्या शेवटच्या शब्दावर ताकदबाईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अगं, ते चोरांसाठी लिहितात. पण नातीला तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली.

कुलपाचं कपाट तिनं दुसऱ्याच दिवशी आणलं. किल्ली गळ्यात. वरच्या व्यायामशाळेतले दांडगे पोरगे आले की दाखला मागायची. एकजण म्हणाला, मावशी, मिशी दिसत नाही का. तिनं सांगितलं, मिशी बोकडालाही असते, कागद दाखव. पुढच्या फळीवर तिनं सीलबंद बाटल्या मांडल्या. भरलेल्या बरण्या मात्र खालच्या फळीवर राहिल्या, जुन्या माणसांसाठी. म्हणाली, सात आठ म्हातारी माणसं आहेत, लेबल वाचणार कोण, दोन महिन्यांत सवय लावते आणि बंद करते.

राहिले बारीक होण्याच्या गोळ्यांचे तीन डबे. ते जमा करायला ती तीनदा गेली. पहिल्यांदा कचेरी जेवायला बंद. दुसऱ्यांदा खिडकीतल्या माणसानं चार पानांचा फॉर्म हातात दिला, आणि हिनं तो घडी घालून घरी आणला. माझी नात म्हणाली, आत्याआजी, दे, मी भरून देते. तर हिला लाज. दुकान तीस वर्षं चालवलं आणि नाव लिहायला शाळेतली पोर बसवू का म्हणाली. तिसऱ्यांदा पायऱ्यांपर्यंत गेली, तर वर एक पोलीस उभा. तो बिचारा सावलीला उभा असेल. पण हिचे पाय तिथूनच मागं फिरले. आणि तारीख उलटून गेली.

आता जमा करायला जावं तर उशीर का केला विचारणार. फेकावं तर कचऱ्यात हात घालणारी पोरं, कुणी गोळी समजून चघळली म्हणजे. मोरीत ओतावं म्हटलं तर मोरी तुंबलेली. डबे गल्ल्याखाली पडून राहिले आणि आमचं दोघींचं सुख गेलं. हातात पिशवी आणि खिशाला पेन असलेला कुठलाही माणूस गल्लीत आला की हिचा चेहरा उतरायचा. एकदा एका विमावाल्याला तिनं न विचारता सगळं कपाट उघडून दाखवलं. तो गोंधळून विमा न विकताच गेला.

मी आठवड्यातून एक दिवस तिच्या सोबतीला दुकानात बसायची. त्या दिवशीही बसले होते. बारा वाजून गेले असतील. सायकलवाला धावत आला आणि म्हणाला, तपासणी आलीय, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे घुसलेत.

ताकदबाईचा रंगच उडाला. मला म्हणाली, वहिनी, दारात उभी राहा, बघ कुठवर आलेत. मी दारात उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून. मागं काहीतरी खडखड ओतल्याचा आवाज आला, मग पुठ्ठा फाडल्याचा. मी वळले नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं. जे बघितलं नाही ते कुणी विचारलं तर सांगावं लागत नाही, एवढं शहाणपण माझ्यात होतं. ती फाटके पुठ्ठे पिशवीत कोंबून माझ्या अंगावरून बाहेर पडली. बेकरीच्या भट्टीत टाकून येते म्हणाली. कुणी आलं तर नंतर या म्हणून सांग, एवढं बोलली आणि गेली.

गोळ्या कशात ओतल्या हे ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. बोलायला एक श्वास पुरला असता.

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, स्वच्छ शर्ट, थोडे वाकलेले. रिकामी बरणी गल्ल्यावर ठेवली आणि हाडांच्या द्या म्हणाले. मला सांगितलं होतं नंतर या म्हणायचं. पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. तपासणी येईल तेव्हा दुकानात सुटा माल मागणारा माणूस उभा नको. याला पटकन वाटेला लावावं. आणि थोडी आपली मिजासही असते, मलाही दुकान कळतं म्हणून. खाली वाकले. पांढऱ्या झाकणाच्या तीन चार बरण्या होत्या. त्यातली पार मागची काठोकाठ भरलेली दिसली. म्हटलं म्हातारा माणूस आहे, भरलेलीच देऊ या. दिली. दोरा बांधायचं राहिलं. त्यांनी बरणी पिशवीत घातली, आभार मानले आणि गेले.

ते बाहेर पडायला आणि तपासणीच्या बाई आत यायला एकच गाठ पडली. त्यांनी एकमेकांना वाट दिली. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, सुटलो.

तपासणीच्या बाई साधारण माझ्या सुनेच्या वयाच्या. मला वाटलं होतं कुणीतरी डोळे वटारणारी असेल. ही मऊ बोलणारी निघाली, आणि त्यानं मी जास्त घाबरले. आजी, पाणी मिळेल का म्हणाली. पाणी प्याली, पेला जागच्या जागी ठेवला आणि शटर अर्धं खाली ओढलं. तपासणी चालू असताना कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही, असं हसून सांगितलं. तेवढ्यात दुकान माझंच आहे म्हणत ताकदबाई शटरखालून वाकून आत आली. हाताला पुठ्ठ्याची शाई लागलेली. ती हात मागं लपवून उभी राहिली.

बाई वरच्या फळीपासून सुरू झाल्या. एकेक बाटली उचलायच्या, लेबल वाचायच्या, वहीत लिहायच्या. मला मनातून जरा धीर आला होता, कारण गल्ल्याखाली आता काही नव्हतं. मग मी ताकदबाईकडे बघितलं.

ती गल्ल्यावरच्या रिकाम्या बरणीकडे बघत होती. गळ्याला पांढरा दोरा, दोन गाठी. त्याच्या खाली लाल दोरा. तिनं बरणी हळूच उचलली, झाकण नाकाशी नेलं. नंतर मला सांगितलं तिनं, घड्याळाच्या तेलाचा वास येत होता. तिला नाव वाचायची गरज नव्हती. मग तिची नजर खालच्या फळीवर गेली. पार मागं, भिंतीशी, एक जागा रिकामी होती. बरणीच्या बुडाचं गोल वर्तुळ धुळीत उमटलेलं दिसत होतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो, मीच दिली. तेव्हाही मला कळलं नव्हतं. मग तिनं ओठ न हलवता, माझ्या कानाशी श्वास सोडल्यासारखं सांगितलं, की त्यात त्या बंदीच्या होत्या.

मी पोत्यावर मटकन बसले.

ते गृहस्थ म्हणजे घड्याळवाले, तिचे जुने गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. बाजारामागच्या बोळात त्यांचं दुकान, भिंतभर घड्याळं, आणि त्या सगळ्यांवर एक वाजला की ते डबा उघडतात. बाजारात चेष्टा चालायची, की घड्याळवाल्यांना भूक लागत नाही, एक वाजतो. जेवण झालं की लगेच दोन गोळ्या. फोन ते कामाच्या वेळी बंद ठेवायचे, बारीक कामात हात हलतो म्हणून. ताकदबाईच्या भिंतीवर त्यांनीच दुरुस्त करून दिलेलं घड्याळ. त्यात बारा पस्तीस झाले होते.

बाई दुसऱ्या फळीवर होत्या. एकेक बाटली. पाच फळ्या, शिवाय कपाट. एक वाजायच्या आत संपणारं काम नव्हतं. आणि कुणी बाहेर जायचं नव्हतं.

मी आता जे सांगते आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण सांगते. त्या क्षणी मला घड्याळवाले दिसत नव्हते. मला तुरुंग दिसत होता. माझी नणंद गजांमागं, आणि तिच्या शेजारी मी, या गुडघ्यांनी फरशीवर बसलेली. मला वाटलं, कदाचित ते आज गोळ्या विसरतील. कदाचित दोन गोळ्यांनी काही होत नसेल, त्या पोरीनं बऱ्याच खाल्ल्या असतील. कदाचित बाईंना बाहेरून कुणी बोलावेल. माणूस घाबरला की त्याच्याकडे कदाचितची कमी नसते. ताकदबाई एक पाऊल पुढं सरकली तेव्हा मी तिची बाही धरली आणि ओढली. गप्प राहा, असं मी तिला डोळ्यांनी सांगितलं.

तिनं माझा हात सोडवला. जोरानं नाही, वेण्या घालताना केस ओढले गेले की लहानपणी माझा हात बाजूला करायची तसा.

“बाई,” ती म्हणाली, “तुमच्या यादीतल्या गोळ्या माझ्याकडे होत्या. तीन डबे. भ्यायले म्हणून बरणीत ओतल्या. ती बरणी चुकून एका हृदयाच्या माणसाकडे गेलीय. एक वाजता तो दोन गिळेल. मला जाऊ द्या, मग काय करायचं ते करा.”

वर कुणीतरी लोखंड आपटलं. बरण्या खणखणल्या. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

“कुठे?” एवढंच त्यांनी विचारलं.

त्यांची स्कूटर बाहेर होती. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, मला सांगितलं, आजी, कशालाही हात लावू नका, आणि शटर बाहेरून जवळजवळ जमिनीपर्यंत ओढलं. फटीतून मला स्कूटरची चाकं दिसली आणि मागं ताकदबाईच्या चपला, जमिनीला न टेकणाऱ्या. ती आयुष्यात कधी स्कूटरवर बसली नव्हती.

मग मी आणि ते घड्याळ.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले. कशालाही हात लावू नका, हे मला कुणी अर्धा तास आधी का सांगितलं नाही, हाच विचार. समोर गल्ल्यावर ती रिकामी बरणी. लाल दोऱ्याची ती गाठ त्या अंधारात काळी दिसत होती, पण मला माहीत होतं ती लाल आहे. बसल्या बसल्या मी सगळे देव आठवले आणि त्यांच्याशी घासाघीस केली. गोड सोडते, दुपारची झोप सोडते, सुनेला टोमणे मारायचे सोडते. पावणे एक. बाहेरून माणसांचे पाय जात होते. कुणीतरी वाकून शटरखालून डोकावलं आणि बंद आहे वाटतं म्हणून गेलं. एकाला पाच कमी. मला त्या गृहस्थांचा चेहरा आठवेना. आभार मानलेले आठवत होते, स्वच्छ शर्ट आठवत होता, चेहरा नाही. ज्या माणसाला आपण मारलं त्याचा चेहराही आपल्याला ठाऊक नसावा, हे मला फार भयंकर वाटलं.

एकाचा ठोका पडला. एकच असतो तो, पण मला वाटलं थांबतच नाही.

दोन वाजले. तीन वाजले. तहान लागली होती, पण बाईंनी ठेवलेल्या पेल्यालासुद्धा मी हात लावला नाही. चार वाजायला आले तेव्हा शटर वर गेलं. ताकदबाई चालत आली होती. तिचा एक पाय अनवाणी होता, चप्पल कुठं पडली तिलाच माहीत नव्हतं. ती माझ्या शेजारी पोत्यावर बसली आणि म्हणाली, आहे, जिवंत आहे.

झालं असं, की त्या दिवशी घड्याळवाले आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी जेवले. चालून आल्यानं भूक लागली होती म्हणे. या दोघी पोचल्या तेव्हा एकाला दहा मिनिटं होती आणि ते डबा धूत होते. दोन गोळ्या पोटात गेलेल्या. ताकदबाई त्यांच्या दारातच कोसळायची, पण बाईंनी तिला सावरलं, घड्याळवाल्यांना रिक्षात घातलं, बरणी उचलली आणि थेट दवाखान्यात नेलं. तिथं पोचेपर्यंत त्यांना घाम सुटला. छातीला हात लावून ते म्हणाले, माझी सगळी घड्याळं एकदम आत वाजतायत. डॉक्टरांनी विचारलं, गोळीत आहे काय. ताकदबाईला काय सांगता येणार. पांढरं झाकण सांगितलं असतं तिनं. बाईंनी पिशवीतून तीच यादी काढली, सरकारची, आणि त्यातलं नाव वाचून दाखवलं. ते ऐकल्यावर डॉक्टरांना काय द्यायचं ते कळलं. ते नाव ताकदबाईला अजूनही उच्चारता येत नाही. पण ती एकटी धावत गेली असती तर काय झालं असतं, हे तिला नीट उच्चारता येतं. कितीदा तरी म्हणाली आहे.

संध्याकाळी दुकानाला सील लागलं. बाई लाखेवर शिक्का दाबत होत्या तेव्हा मी विचारलं, हिनं स्वतः सांगितलं हे धराल ना. त्या म्हणाल्या, “सांगितलंत हे लिहीन. ठेवल्यात, दिल्यात, हेही लिहीन.” मला तेव्हा राग आला. आता येत नाही. त्या पोरीच्या दोन रिबिनी त्यांनाही आठवत असतील.

पुढचे दोन महिने आम्ही जगलो म्हणायचं. दाराची कडी वाजली की दोघी एकमेकींकडे बघायचो. घड्याळवाले सहा दिवसांनी घरी आले, पण त्यांनी जबाबात काय लिहिलं आम्हाला ठाऊक नव्हतं आणि विचारायला जायचं धाडस नव्हतं. ताकदबाईनं आपले दोन कपडे एका पिशवीत भरून दाराशी ठेवले. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणाली, ऐन वेळी शोधाशोध नको. त्या पिशवीवरून येताजाता माझा जीव टांगणीला लागायचा.

सुनावणीला एक लांब टेबल होतं आणि पलीकडे तिघं साहेब. एका बाजूला तपासणीच्या बाई. घड्याळवाल्यांचा जबाब वाचला. त्यात इतकंच होतं, मी हाडांच्या मागितल्या, दुसऱ्या मिळाल्या, दुकानवाल्या बाई स्वतः धावत आल्या. मधल्या साहेबांनी ताकदबाईला विचारलं, बरणी त्यांच्या हातात कुणी दिली.

ती म्हणाली, “दुकान माझं, बरणी माझी. हात कुणाचा होता ते सोडा.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. त्या दुपारी मी तिची बाही ओढली होती. या वेळी मला कुणी ओढलं नाही, तरी उठायला फार वेळ लागला. थोडे गुडघे, बाकी भीती. “हात माझा होता,” मी म्हटलं. साहेबांनी वय विचारलं. मी म्हटलं, कायद्यात बसते, अठराच्या वर आहे. तपासणीच्या बाईंनी मान खाली घातली. हसल्या असाव्यात, मला नक्की दिसलं नाही.

तुरुंग झाला नाही. दुकान सहा महिने बंद, आणि पुन्हा उघडल्यावर एक गोळीही सुटी विकायची नाही, असं ठरलं. कागद पुढं आला, शिक्क्याचा. साहेबांनी बोटानं सहीची जागा दाखवली. ताकदबाईनं पेन घेतलं, तळवा कपड्याला पुसला, आणि पेन परत ठेवलं. म्हणाली, आधी वाचून दाखवा. सगळं. साहेब म्हणाले, बाई, चार पानं आहेत. ती म्हणाली, मला घाई नाही, दुकान बंदच आहे. बाईंनी ती चारही पानं वाचली. तिनं दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग सही केली.

मागच्या महिन्यात दुकान उघडलं. बरण्या सगळ्या माझ्या घरी आल्या. पांढऱ्या झाकणात बटणं आहेत, लाल झाकणात सुया. फळ्यांवर आता नुसत्या सीलबंद बाटल्या, सगळ्यांची झाकणं एकाच रंगाची. माझी नात संध्याकाळी जाऊन हिला लेबल वाचायला शिकवते. हाड हा शब्द येतो आता. हृदय अजून अडतो.

मला ती सोबतीला बोलावते. जाते मी, पण हात मांड्यांखाली. गिऱ्हाईक आलं की छताकडे बघते. परवा घड्याळवाले आले. इतक्या दिवसांनी चेहरा नीट बघितला मी त्यांचा. हनुवटीवर एक तीळ आहे. त्यांनी मला विचारलं, आज कोण देणार? मी म्हटलं, मी नाही. ताकदबाईनं बाटली काढली, लेबलावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं, सील दाखवलं, मग दिली. त्यांनी खिशातून एक पांढरा आणि एक लाल दोरा काढला. दवाखान्यातून आल्यावर तपासणीच्या बाईंना विचारलं होतं म्हणे, बाटलीला बाहेरून दोरा बांधलेला चालतो का. त्या म्हणाल्या, दोऱ्याबद्दल कायद्यात काही नाही.

त्यांनी ते दोरे ताकदबाईपुढं न धरता माझ्यापुढं धरले.

मी हात बाहेर काढले. पांढऱ्याला दोन गाठी मारल्या, लाल खाली बांधला, आणि बाटली पुढं केली. ते लगेच गेले नाहीत. चष्मा वर केला, डोळ्याशी नेऊन दोन्ही गाठी मोजल्या, मग बाटली उलटी करून लेबलही वाचलं. भिंतीवर बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ते गेल्यावर एक वाजेपर्यंत मी दाराकडे बघत बसले, आणि ताकदबाईही.